एकशे चाळिसात एक, आणि हातात मोजके आठवडे

वाचकाचं पत्र

माझं वय ३८. दुसऱ्यांदा गरोदर आहे. आधीचं गरोदरपण दोन वर्षांपूर्वी नवव्या आठवड्यातच संपलं. माझी पाळी पहिल्यापासून अनियमित, त्यामुळे दिवस गेल्याचं कळायलाच उशीर झाला. तिसऱ्या महिन्यातली एनटी सोनोग्राफी आणि डबल मार्कर, दोन्ही हुकलं. पहिली सोनोग्राफी झाली तेव्हा पाळीच्या हिशोबाने पंधरा आठवडे झाले होते. बाळ त्या मानाने नऊ दिवसांनी लहान आहे असं रिपोर्टमध्ये होतं, पण काळजीचं कारण नाही म्हणाले. साडेसतराव्या आठवड्यात क्वाड्रुपल मार्कर ही रक्ततपासणी केली. डाऊन सिंड्रोमचा धोका १:१४०, आणि खाली लाल अक्षरांत 'हाय रिस्क'. परवाच्या अॅनोमली स्कॅनमध्ये सगळं नॉर्मल आहे, फक्त हृदयात एक पांढरा ठिपका दिसतो असं लिहिलंय. आज पाळीनुसार वीस आठवडे झाले.

डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: एनआयपीटी ही आणखी एक रक्ततपासणी, नाहीतर पोटातलं पाणी काढून तपासणं. नवरा म्हणतो, एकदाचं पाणीच तपासून टाकू, डोक्याला ताप नको. बहीण नर्स आहे. ती म्हणते, सुई टोचून घेऊ नकोस, एकदा गमावलंयस. मला रात्र रात्र झोप नाही. खूप उशीर झालाय का? सुईने बाळ जाईल का? आणि मूल होऊ द्यायचं एवढं लांबवलं, त्याची ही शिक्षा आहे का?

उत्तर

उशीर झालेला नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं जरा शांतपणे वाचाल. वेळ मोजकाच आहे हे मात्र खरं. आणि तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, तिथे मी थबकले: ते नऊ दिवस.

क्वाड्रुपल मार्करमध्ये आईच्या रक्तातले चार घटक मोजतात: एएफपी, एचसीजी, एस्ट्रिऑल आणि इनहिबिन-ए. हे आकडे स्थिर नसतात. या दिवसांत एएफपी आठवड्यागणिक चढत जातं, एचसीजी उतरत जातं. म्हणून लॅब तुमचा आकडा नुसता बघत नाही. त्या आठवड्यात तो साधारण किती असायला हवा, त्याच्याशी ताडून बघते. बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, म्हणजे २१ वं गुणसूत्र दोनऐवजी तीनदा असेल, तर सरासरीने एएफपी आणि एस्ट्रिऑल कमी भरतं, एचसीजी आणि इनहिबिन जास्त. आता समजा बाळ प्रत्यक्षात सोळा आठवड्यांचं आहे आणि फॉर्मवर साडेसतरा लिहिलंय. लॅबला तुमचं एएफपी कमी वाटणार आणि एचसीजी जास्त. म्हणजे बाळात काहीही नसताना कागदावर डाऊन सिंड्रोमसारखंच चित्र उमटणार.

पाळी अनियमित असेल तर पाळीवरून काढलेली तारीख भरवशाची नसते. चौदा-पंधरा आठवड्यांच्या सोनोग्राफीत सात दिवसांहून जास्त फरक दिसला, तर सोनोग्राफीची तारीख धरायची असा सर्वसाधारण प्रघात आहे. तुमचा फरक नऊ दिवसांचा आहे. तेव्हा उद्या सकाळी पहिलं काम एकच: क्वाड्रुपलच्या रिपोर्टवर 'गर्भाचं वय' कशावरून धरलंय ते बघा. पाळीवरून धरलं असेल तर पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट डॉक्टरांमार्फत लॅबला पाठवा आणि धोका पुन्हा काढून मागा. त्यासाठी रक्त पुन्हा द्यावं लागत नाही. आकडे तेच, फक्त हिशोब नवा. तुमच्यासारख्या परिस्थितीत धोका बहुतेक वेळा खाली येतो.

एक खबरदारी मात्र घ्या. बाळ लहान दिसण्याचं कारण दर वेळी चुकलेली तारीखच असतं असं नाही. काही गुणसूत्रदोषांत वाढ लवकर मंदावते. ते ओळखायची सोपी खूण दोन स्कॅनमध्ये आहे. परवाच्या अॅनोमली स्कॅनमध्येही बाळ नऊ-दहा दिवसांनीच मागे असेल, तर त्याची वाढ योग्य गतीने चालली आहे आणि चूक बहुधा तारखेची आहे. फरक पंधरा-सोळा दिवसांवर गेला असेल, तर तारीख दुरुस्त करून हा विषय मिटवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता त्या १:१४० बद्दल. लाल अक्षरांनी तुम्हाला घाबरवलं, पण वाचायचा तो आकडा. अशा १४० बायकांत १३९ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसतो. शिवाय हा आकडा कुठून आला तेही बघा. तिसाव्या वर्षी आई होणाऱ्यांत साधारण ९०० बाळांमागे एकाला डाऊन सिंड्रोम असतो. पस्तिशीला ३५० मागे एक, अडतिसाव्या वर्षी १८० मागे एक, चाळिशीला शंभरामागे एक. हे जन्माच्या वेळचे आकडे. गरोदरपणाच्या मध्यावर मोजलं तर प्रमाण थोडं जास्त भरतं, कारण अशी काही गरोदरपणं शेवटपर्यंत टिकत नाहीत. म्हणजे रक्ताचा थेंबही न तपासता, केवळ वयावरून तुमचा धोका साधारण एवढाच निघाला असता. तपासणीने तुमचं वय तुम्हाला परत सांगितलं, बाळाबद्दल फारसं नवीन काही नाही. लॅबची सीमारेषा साधारण २५० च्या आसपास असते आणि ३८ व्या वर्षी रेषेच्या त्या बाजूला पडणं मुळीच दुर्मिळ नाही. हे रिपोर्टच्या तळाशी एका ओळीत छापायला काय हरकत आहे, मला कधीच कळलेलं नाही.

पांढरा ठिपका. हृदयाच्या आतल्या एका छोट्या स्नायूवर कॅल्शियमचा कण असतो, तो सोनोग्राफीत हाडासारखा चमकतो. हृदयाच्या कामावर त्याचा परिणाम होत नाही. अगदी निरोगी बाळांतही शंभरात तीन ते पाच जणांत तो दिसतो. तो एकटाच असेल आणि बाकी स्कॅन स्वच्छ असेल, तर धोका जवळपास आहे तिथेच राहतो. मानेमागची जाड त्वचा, नाकाचं हाड न दिसणं, आतडं हाडाइतकं पांढरं दिसणं यांची गोष्ट वेगळी, त्यांना वजन आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये त्यातलं काही नाही.

पण 'स्कॅन नॉर्मल' याचा अर्थ 'डाऊन सिंड्रोम नाही' असाही घेऊ नका. डाऊन सिंड्रोम असलेल्या साधारण निम्म्या बाळांना हृदयात दोष असतो. म्हणजे निम्म्यांना नसतो, आणि ती सोनोग्राफीत बाकी बाळांसारखीच दिसू शकतात. तारीख दुरुस्त झाली तर तुमचा अॅनोमली स्कॅन जेमतेम साडेअठरा आठवड्यांना झाला असं ठरेल. हृदय त्या वेळी फार लहान असतं. २० ते २२ आठवड्यांच्या दरम्यान ते एकदा पुन्हा नीट बघून मिळेल का, विचारा.

आता दोन तपासण्या. त्या एकाच कामाच्या दोन पद्धती आहेत असं तुमच्या घरात सगळे धरून चाललेत, आणि गोंधळ तिथेच होतोय.

एनआयपीटीमध्ये तुमच्या दंडातून रक्त घेतात. वारेच्या पेशी झिजतात आणि त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात मिसळतात. हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. २०११ पासून ही तपासणी उपलब्ध होऊ लागली. दहाव्या आठवड्यापासून पुढे कधीही करता येते, वीस आठवडे झाले म्हणून ती बाद होत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या शंभरातल्या ९९ गरोदरपणांत ती तो पकडते. पण ती तपासते वार, बाळ नव्हे. क्वचित गुणसूत्रदोष वारेत असतो आणि बाळात नसतो. म्हणून ही चाळणी आहे, निदान नाही.

हिशोबच मांडू. तुमच्याइतकाच, १४० मागे एक धोका असलेल्या १४,००० बायका घ्या. त्यांतल्या १०० जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, एनआयपीटी ९९ पकडेल. उरलेल्या १३,९०० मध्ये हजारी एक या दराने चुकून पॉझिटिव्ह येतील सुमारे १४. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या ११३ जणींत १४ जणींचं बाळ ठीक आहे, आठात एक. हजारामागे एक धोका असलेल्या तरुण मुलींत हाच हिशोब केला तर पॉझिटिव्ह रिपोर्टपैकी जवळपास निम्मे चुकीचे निघतात. उलट बाजूने बघा: तुमची एनआयपीटी निगेटिव्ह आली तर बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता दहा हजारांत एकाच्या आसपास उतरते. निगेटिव्ह रिपोर्टवर बऱ्यापैकी टेकता येतं. पॉझिटिव्ह रिपोर्टवर मात्र कुठलाही मोठा निर्णय घेऊ नये, मग तो कितीही ठामपणे छापलेला असो.

पाणी तपासणं, म्हणजे अम्निओसेंटेसिस, हे निदान. गर्भजलात बाळाच्या स्वतःच्या पेशी तरंगत असतात, त्यांची गुणसूत्रं थेट बघतात. पंधराव्या आठवड्यानंतर करतात. सुईची भीती वाटते म्हणून जरा तपशिलात सांगते, कारण न बघितलेल्या गोष्टीची भीती मोठी असते. तुम्ही उताण्या झोपता. सोनोग्राफीने आधी बाळ आणि वार कुठे आहे ते बघतात, बाळापासून दूर पाण्याचा मोकळा कप्पा शोधतात. पोट जंतुनाशकाने पुसतात. मग एक लांब पण बारीक सुई, आणि तिचं टोक शेवटपर्यंत स्क्रीनवर दिसत असतं. गर्भाशयाच्या भिंतीतून जाताना पाळीच्या कळेसारखी एक आवळ येते. पहिले एक-दोन मिलिलिटर बाजूला काढतात, आईच्या पेशी मिसळू नयेत म्हणून. मग पंधरा-वीस मिलिलिटर फिकट पिवळं पाणी. सगळं मिळून काही मिनिटं. लगेच बाळाच्या हृदयाचे ठोके दाखवतात. काढलेलं पाणी बाळाच्या लघवीने लवकरच भरून निघतं. दोन दिवस जड उचलायचं नाही; पाणी गळणं, रक्त जाणं, ताप किंवा थांबून थांबून येणाऱ्या कळा यांपैकी काही झालं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल, ते आधीच सांगून ठेवा.

बाळ जाण्याचा धोका? तुमच्या बहिणीने शिकताना कदाचित 'शंभरात एक' ऐकलं असेल. ते जुने आकडे. नियमितपणे हे काम करणाऱ्या हातांत आता हा जादा धोका दोनशेत एकापेक्षा कमी धरतात, आणि अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत तर त्याहूनही बराच कमी दिसतो. शून्य नाही. आधीचं गरोदरपण नवव्या आठवड्यात गेलं याचा सुईशी संबंध लावू नका. इतक्या लवकर थांबणाऱ्या निम्म्या गरोदरपणांत गुणसूत्रांचीच गडबड असते, गर्भाशयाच्या नाजूकपणाचा तो पुरावा नव्हे.

मग काय करावं? तुम्ही विचारलंत म्हणून माझं मत देते, निर्णय तुमचाच. आधी तारीख दुरुस्त करून धोका पुन्हा काढा. मग एनआयपीटी. स्कॅन स्वच्छ आहे, मूळ धोका मध्यम आहे, आणि सुईची धास्ती तुम्हाला खाते आहे. निगेटिव्ह येण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून जास्त असलेल्या तपासणीने सुरुवात करणं शहाणपणाचं वाटतं. स्कॅनमध्ये हृदयाचा किंवा दुसरा एखादा ठळक दोष असता, मानेमागची त्वचा जाड असती किंवा धोका दहात एक असता, तर मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने बोलले असते. तिथे एनआयपीटीत दिवस घालवू नयेत; ती मोजकीच गुणसूत्रं बघते, आणि अशा वेळी गर्भजलावर मायक्रोअॅरे ही तपासणी करून गुणसूत्रांचे बारीक तुकडे कमी-जास्त झालेत का तेही शोधावं लागतं.

आठवड्यांचा हिशोब असा बसतो. नवीन तारखेने आज तुमचे साधारण पावणेएकोणीस आठवडे. एनआयपीटीचा रिपोर्ट एक ते दोन आठवड्यांत, म्हणजे विसाव्या आठवड्याच्या आसपास. तो पॉझिटिव्ह आला तर त्याच आठवड्यात पाणी. गर्भजलाचा झटपट रिपोर्ट, ज्यात १३, १८, २१ या क्रमांकांची गुणसूत्रं आणि लिंगगुणसूत्रं एवढंच बघतात, दोन-तीन दिवसांत मिळतो. पूर्ण रिपोर्टला पेशी वाढवाव्या लागतात, त्याला दोन-तीन आठवडे. तुम्ही जिथे राहता तिथे कायद्याने कोणत्या आठवड्यापर्यंत कोणता निर्णय घेता येतो, आणि तो आठवडा कोणत्या तारखेवरून मोजतात, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या. विचारलं म्हणजे ठरवलं असं होत नाही. तिथली मुदत इतकी जवळ असेल की दोन पायऱ्यांना वेळच उरणार नाही, तर माझं वरचं मत बदला आणि थेट पाणी तपासा.

हे सगळं ज्या प्रश्नावर अवलंबून आहे तो तुमच्या पत्रात कुठेच नाही. रिपोर्ट 'हो' आला तर तुम्ही दोघं काय करणार? नवऱ्याला 'ताप' संपवायचाय, बहिणीला बाळ वाचवायचंय, पण या प्रश्नावर तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात का, ते दिसलं नाही. काही जोडपी ठामपणे सांगतात की काहीही आलं तरी बाळ आमचंच. त्यांना सुईचा धोका घेण्याचं फारसं कारण नसतं. एनआयपीटीसुद्धा त्यांनी केली नाही तर चालतं. काही जणांना खात्री हवी असते, मग ती कुठल्याही दिशेने असो. काहींना फक्त तयारीला वेळ हवा असतो. तिन्ही रास्त. पण उत्तर रिपोर्ट यायच्या आधी, शांत डोक्याने शोधा. रिपोर्ट हातात आल्यावर त्या रात्री जे बोललं जातं ते फार घाईचं असतं.

बोलताना माहिती खरी असू द्या. डाऊन सिंड्रोम असलेली मुलं उशिरा चालतात, उशिरा बोलतात, शिकायला त्यांना जास्त मदत लागते, आणि ही अडचण कुणात सौम्य तर कुणात बरीच असते. ते गर्भजलावरून आधी कळत नाही. हृदयाचे बहुतेक दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात, आणि चांगले उपचार मिळतात तिथे आयुष्य सरासरी साठीच्या घरात जातं. १८ किंवा १३ व्या गुणसूत्राचा दोष असेल तर चित्र फार वेगळं. त्यातली बहुतेक बाळं पहिलं वर्षही ओलांडत नाहीत. या तीन गोष्टी एकाच रिपोर्टवर शेजारी छापतात म्हणून त्या एकसारख्या नाहीत. शक्य असेल तर जनुकीय समुपदेशकाला भेटा, आणि डाऊन सिंड्रोम असलेलं मूल वाढवणाऱ्या एखाद्या घरालाही.

तुम्ही कदाचित काहीच न तपासता पुढे जायचं ठरवाल. तरी दार बंद होत नाही. पुढे सातव्या-आठव्या महिन्यात सोनोग्राफीत काही दिसलं, उदाहरणार्थ गर्भजल वाढलं आणि पोटात दोन बुडबुडे दिसले, म्हणजे आतड्याचा सुरुवातीचा भाग बंद आहे, तर तेव्हाही पाणी काढून तपासता येतं. डाऊन सिंड्रोममधली ही खूण बऱ्याचदा उशिराच दिसते. त्या टप्प्यावर सुईची काळजी गर्भपातापेक्षा वेळेआधी कळा सुरू होण्याची असते, आणि पेशी वाढवायला कठीण जातात, म्हणून झटपट तपासणी आणि मायक्रोअॅरेवर भर देतात. तेव्हाच्या उत्तराचा उपयोगही वेगळा: बाळंतपण कुठे करायचं, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आणि बालशल्यविशारद हाताशी असेल का, हे आधी ठरवता येतं.

शिक्षेबद्दल. नाही. तुमच्या अंडाशयातली सगळी स्त्रीबीजं तुम्ही स्वतः आईच्या पोटात होतात तेव्हाच तयार झाली आणि अर्ध्या विभाजनावर थांबून राहिली. जितकी वर्षं ती थांबतात तितकी गुणसूत्रांना धरून ठेवणारी यंत्रणा सैल होते, आणि थांबलेलं विभाजन पुन्हा सुरू होताना कधीतरी २१ व्या गुणसूत्राची जोडी सुटत नाही. ही जैविक गोष्ट आहे, तिला तुमच्या निर्णयांचा हिशोब ठेवता येत नाही. पंचविशीतल्या आयांनाही हे होतं.

एनआयपीटीला जाल तेव्हा फॉर्मवर दुरुस्त केलेली तारीख लिहा, वजन अंदाजे न लिहिता तिथेच करून लिहा. वजन जास्त असेल तर रक्तात वारेचा डीएनए कमी सापडतो आणि कधी कधी रिपोर्टच निघत नाही. तसं झालं तर किती दिवसांत पुन्हा रक्त घेतील ते विचारून ठेवा, आणि पाण्याच्या तपासणीसाठी दोन आठवड्यांनंतरची एक वेळ आत्ताच नोंदवा. निगेटिव्ह आलं की फोन करून रद्द करता येईल. पहिल्या सोनोग्राफीत दुसरी रिकामी पिशवी दिसल्याचा उल्लेख आहे का, तेही बघा. असेल तर रक्त देण्याआधी सांगा, कारण न वाढलेल्या जुळ्याचा डीएनए बरेच आठवडे रक्तात राहतो आणि रिपोर्ट त्याचा येऊ शकतो.